पन्नास मीटरांपासून मॅरेथॉनपर्यंत

ईश्वरी कृपा झाली की मुका बोलू लागतो आणि पांगळा डोंगर ओलांडतो, अशा आशयाची प्रार्थना आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी देवघरापुढे बसून म्हटलेली असेल. तिच्यातील भक्तिभाव वंदनीय आहेच. तथापि बालरोगतज्ज्ञाच्या मनात काही साधे प्रश्न उभे राहतात. त्या पांगळ्याने किती दिवस सराव केला? त्याच्या पायात काय होते? वाटेत त्याला पाणी कोणी दिले? आणि डोंगर ओलांडून तो कोणासाठी काय घेऊन आला? जन्मजात किंवा बालवयापासून शारीरिक अपंगत्व असलेली व्यक्ती जेव्हा एखाद्या सत्कार्यासाठी निधी जमविण्याच्या दौडीत चालते, तेव्हा हे चारही प्रश्न प्रत्यक्षात उत्तर मागतात. त्यांतील बऱ्याच उत्तरांची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे वैद्यकव्यवसायींवर येते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय व्यवसायबंधू-भगिनींपुढे आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडत आहे.

मदतनिधी दौड म्हणजे काय?

चालणाऱ्याने अथवा धावणाऱ्याने ठरावीक अंतर पुरे करण्याचा संकल्प सोडावा, आप्तेष्टांनी व सहकाऱ्यांनी त्या संकल्पाला पैशाचे पाठबळ द्यावे आणि जमलेली रक्कम एखाद्या संस्थेकडे जावी, अशी ही सरळ योजना आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमुळे ती मराठी घरांत परिचित झाली. दर जानेवारीत होणाऱ्या या स्पर्धेत पूर्ण ४२ किलोमीटर धावणारे तुलनेने थोडे असतात, पण ‘ड्रीम रन’मध्ये सुमारे सहा किलोमीटर हसत-बोलत जाणारे हजारो असतात. स्वयंसेवी संस्थांसाठी निधी उभारण्याचे काम तेथे आरंभी ‘गिव्ह इंडिया’ने आणि २००९ पासून ‘युनायटेड वे मुंबई’ने सांभाळले. त्याच दिवशी दिव्यांगांसाठी कमी अंतराची स्वतंत्र फेरीही असते.

कल्पनेचे नाव नवे असले तरी तिचा गाभा आपल्याला परका नाही. आपल्या गोव्यातून आषाढीला पायी पंढरपूरला निघणारे वारकरी किंवा चैत्रात साखळीजवळच्या विठ्ठलापुरात लोटणारी गर्दी पाहिली की चालणे हीच सेवा कशी होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. फरक इतकाच की वारीत आपल्या कुबड्या घेऊन चालणाऱ्या माणसाला कोणी ‘तू कशाला आलास?’ असे विचारीत नाही. दौडीच्या नावनोंदणीच्या टेबलापाशी मात्र तो प्रश्न अजूनही विचारला जातो; कधी शब्दांनी, कधी नुसत्या नजरेने.

दोन उदाहरणे

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात टोबियस वेलर नावाचा मुलगा राहतो. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे येणारे स्नायुनियंत्रणाचे वैगुण्य, आणि स्वमग्नता असे दोन्ही आहे. २०२० साली कोविडच्या टाळेबंदीत तो नऊ वर्षांचा होता. कॅप्टन टॉम मूर हे ९९ वर्षांचे निवृत्त सैनिक तेव्हा आपल्या बागेत फेऱ्या घालून आरोग्यसेवेसाठी निधी जमवीत होते. ते पाहून टोबियसनेही घरासमोरच्या रस्त्यावर वॉकर घेऊन चालून मॅरेथॉनचे अंतर पुरे करायचे ठरविले. आरंभी त्याला दिवसाकाठी जेमतेम ५० मीटर जमत. हळूहळू तो रोज ७५० मीटर चालू लागला आणि ७० दिवसांनी, ३१ मे २०२० रोजी, त्याचे ४२ किलोमीटर पुरे झाले. पुढे त्याने दुसरी मॅरेथॉनही केली. दोन्ही उपक्रमांतून जमलेली रक्कम दीड लाख पौंडांच्या वर गेली. ती तेथील मुलांच्या रुग्णालयाच्या निधीला आणि तो ज्या विशेष शाळेत शिकत होता तिला मिळाली. २०२२ च्या नववर्षाच्या सन्मानयादीत त्याला ब्रिटिश एम्पायर पदक जाहीर झाले.

दुसरे उदाहरण जुने आहे. अमेरिकेतील रिक हॉइट याला जन्मापासून तीव्र सेरेब्रल पाल्सी होती. तो चालू किंवा बोलू शकत नव्हता. डोक्याच्या हालचालीने चालणाऱ्या संगणकाद्वारे संवाद साधीत असे. १९७७ साली अपघाताने लुळ्या पडलेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची दौड ठरली. त्या खेळाडूसाठी आपणही भाग घ्यावा, असे रिकने वडिलांना सुचविले. वडील डिक हॉइट यांनी त्याची चाकाची खुर्ची ढकलत ते अंतर पुरे केले. शेवटून दुसरा क्रमांक आला. तथापि त्या दिवशी आपल्याला आपले अपंगत्व जाणवले नाही, असे रिकने घरी सांगितले. त्यानंतर या बापलेकांनी हजाराहून अधिक शर्यती केल्या. बोस्टन मॅरेथॉनमध्ये ते २०१४ पर्यंत ३२ वेळा उतरले. डिक २०२१ मध्ये आणि रिक २०२३ मध्ये निवर्तले.

दोन्ही कथांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की निधी त्या मुलांसाठी जमविला गेला नाही; त्यांनी तो दुसऱ्यांसाठी जमविला. जन्मापासून घेणाऱ्याच्या जागी बसविलेल्या मुलाला देणाऱ्याची जागा मिळाली.

चालण्याची किंमत

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला चालताना किती शक्ती खर्चावी लागते, याचा अंदाज पाहणाऱ्याला सहसा येत नाही. विरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात, गुडघे पुरते सरळ होत नाहीत, टाच टेकत नाही. त्यामुळे तेवढ्याच अंतरासाठी अशा मुलाला निरोगी मुलाच्या दुप्पट-तिप्पट प्राणवायू लागू शकतो. वर्गापासून शौचालयापर्यंत जाणे हाच त्याचा व्यायाम असतो. अशा मुलाने एक किलोमीटर चालणे म्हणजे काय, याचा विचार या हिशेबाने करावा.

१९९७ साली पालिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेची पाच स्तरांची वर्गवारी तयार केली. पहिल्या स्तराचे मूल आधाराविना चालते व धावते; दुसऱ्याला लांब अंतर, चढ आणि गर्दी यांत अडचण येते; तिसऱ्याला वॉकर किंवा कुबड्या लागतात; चौथ्या व पाचव्या स्तरांवर मुख्य आधार खुर्चीचा असतो. पुष्कळ मुलांचा स्तर वयानुसार फारसा बदलत नाही. ‘मुलगा कधी नीट चालेल?’ या पालकांच्या प्रश्नाला आपण म्हणूनच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पण स्तर बदलत नाही याचा अर्थ क्षमता वाढत नाही, असा नव्हे. ५० मीटरांवरून ७५० मीटरांवर जाताना टोबियसचा वॉकर सुटला नाही. वाढला तो त्याचा दम, स्नायूंची ताकद आणि आत्मविश्वास.

स्नायूंना ताकदीचा व्यायाम दिला तर ताठरपणा वाढेल, अशी भीती पूर्वी घातली जाई. १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांनी ती निराधार ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रथमच दिव्यांग मुलांसाठीही शारीरिक हालचालींचे प्रमाण सांगितले: दिवसाला सरासरी ६० मिनिटे, आणि तेवढे जमत नसेल तर जमेल तेवढ्यापासून आरंभ. ‘जपा, दमवू नका’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण त्याचे मोल पौगंडावस्थेत मोजावे लागते. उंची व वजन वाढते, स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि दहाव्या वर्षी चालणारे मूल विसाव्या वर्षी चालणे सोडून देते, असे पुष्कळदा घडते. दौड एका सकाळची असते. तिच्यासाठी केलेला तीन महिन्यांचा सराव हा खरा लाभ होय.

सर्वांना एकच माप नको

उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. ‘शारीरिक अपंगत्व’ या एका शब्दाखाली अनेक भिन्न विकार येतात आणि एकाला हितकारक ठरणारा सराव दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो.

जन्मतः वाकडे पाऊल असलेल्या व पोन्सेटी पद्धतीने वेळेवर उपचार झालेल्या मुलाला सहसा कोणतेच बंधन नको. त्याला खुशाल धावू द्यावे. स्पायना बायफिडाच्या मुलाच्या पावलांना संवेदना नसते. फोड आला तरी त्याला कळत नाही, म्हणून प्रत्येक सरावानंतर मोजे काढून तळवे पाहिलेच पाहिजेत. ड्युशेन स्नायुविकारात दमेपर्यंत चालणे, विशेषतः उतारावरून चालणे, स्नायूंना इजा करते. हृदयही तपासावे लागते. त्या मुलाने खुर्चीवरून सहभागी व्हावे आणि त्यात कमीपणा मानू नये. डाऊन सिंड्रोममध्ये हृदय व मानेचे मणके यांचा विचार आधी करावा. सेरेब्रल पाल्सीत तिसऱ्या व त्यावरील स्तरांच्या मुलांचे खुब्याचे सांधे हळूहळू निखळू शकतात. कित्येक महिने एक्स-रे झाला नसेल तर सरावापूर्वी तो करावा.

बालपणी पोलिओ झालेली आपल्याच वयाची माणसे पेडण्यात आणि डिचोलीत आजही कॅलिपर लावून वावरताना दिसतात. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण या पिढीचे प्रश्न संपलेले नाहीत. चाळिशी-पन्नाशीनंतर त्यांच्यापैकी काहींना नवी अशक्तता, वेदना व थकवा जाणवू लागतो. त्यांना ‘अजून जोर लावा’ असे सांगणे घातक ठरते. थोडे चालावे, बसावे, पुन्हा चालावे, हेच त्यांचे सूत्र असावे.

तयारी कशी करावी?

प्रथम मूल आज किती चालते ते मोजावे. सहा मिनिटांत किती अंतर कापले जाते, ही चाचणी कोणत्याही सपाट व्हरांड्यात करता येते. त्यासाठी घड्याळ, मोजपट्टी आणि खडू पुरतात. त्यावरून बारा आठवड्यांनंतरचे अंतर ठरवावे. ते ३०० मीटर निघाले तर तीच त्या मुलाची दौड. दर आठवड्याला सुमारे दहा टक्के वाढ, आठवड्यात किमान दोन दिवस विश्रांती, हा साधा ठोकताळा ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल नेहमीसारखे उठून वावरत असेल तर कालचे अंतर योग्य होते. लंगडणे वाढले किंवा दुखत असेल तर मागे यावे. वेदनेविषयी मुलालाच विचारावे. बोलता न येणारे मूलही चित्रांवर बोट ठेवून किंवा नजरेने सांगू शकते. त्याच्या वतीने उत्तर देण्याची घाई आपण करू नये.

बूट, स्प्लिंट, कॅलिपर नवे असतील तर त्यांचा पहिला दिवस दौडीचा दिवस नसावा. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो तंत्रज्ञाकडून दुरुस्त करून घ्यावा. वॉकरची रबरी टोके झिजलेली असतील तर बदलावी. आपल्याकडच्या दवात भिजलेल्या फरशीवर तीच पहिल्याने घसरतात.

गोव्याची दमट हवा हा स्वतंत्र मुद्दा आहे. या मुलांपैकी काहींना लाळ किंवा अनैच्छिक हालचाली कमी करण्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल अथवा ग्लायकोपायरोलेट, तर काहींना फिटींसाठी टोपिरामेट चालू असते. ही औषधे घाम कमी करतात आणि त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढवतात. औषध परस्पर बंद करू नये; वेळ पहाटेची निवडावी, सावली पाहावी, पाणी ठरावीक अंतराने पाजावे. फिटींची व ताठरपणाची औषधे दौडीच्या सकाळी चुकता कामा नयेत. घाईच्या सकाळी नेमकी हीच चूक घडते.

आयोजकांनी काय करावे?

वैद्यकीय संघटना स्वतःच अनेकदा मधुमेह, हृदयविकार, कर्करोग अशा निमित्तांनी चालण्याचे कार्यक्रम आयोजित करतात. म्हणून पुढील सूचना प्रथम आपल्यालाच लागू आहेत.

अंतराची अट एकच न ठेवता ३०० मीटर, एक किलोमीटर, पाच किलोमीटर असे पर्याय द्यावेत. पेडणे व डिचोली तालुक्यांत जांभा दगडाचे सडे आणि चढउतार पुष्कळ. तेव्हा लांबलचक मार्गापेक्षा मैदानाभोवतीची किंवा सपाट रस्त्यावरची छोटी वर्तुळाकार फेरी बरी, म्हणजे कोणत्याही फेरीनंतर सन्मानाने थांबता येते. सावकाश चालणाऱ्यांना आधी सोडावे. सोबत्याकडून वेगळे शुल्क घेऊ नये. खुर्ची आत जाईल असे एक तरी शौचालय असावे. आणि शेवटचा माणूस येईपर्यंत समाप्तीची कमान, पाणी आणि टाळ्या वाजविणारे लोक जागेवर असावेत. शेवटच्या माणसाच्या आधी कमान उतरविणे म्हणजे तू आमच्या हिशेबात नव्हतास, असे त्याला सांगणे होय.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून क्रीडा उपक्रमांतील सहभागासाठी स्वतंत्र कलम आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ झाला, तेव्हा रॅम्प, सांकेतिक भाषेतील दुभाषे आणि मदतनीस यांची व्यवस्था आपल्या राज्यात होऊ शकते, हे सर्वांनी पाहिले. गोव्यात राहणारे तिंकेश कौशिक यांनी वयाच्या नवव्या वर्षी विजेच्या धक्क्याने दोन्ही पाय व एक हात गमावला होता. मे २०२४ मध्ये ते एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत चालत पोहोचले. राजधानीत जे जमते ते तालुक्याच्या मैदानावर न जमण्याचे कारण नाही.

कौतुक आणि तमाशा

येथे एक धोका नोंदविणे आवश्यक आहे. दिव्यांग मुलाचे चालणे हे इतरांना लाज आणण्याचे साधन होऊ नये. ‘तो बघ, पाय नसून चालतो, तुला काय झाले?’ हे वाक्य दोन मुलांचा अपमान करते: ज्याला उद्देशून म्हटले त्याचा, आणि ज्याच्याकडे बोट दाखविले त्याचाही. कितीही सराव केला तरी चालू न शकणारी मुले आहेत. त्यांचे प्रयत्न कमी पडलेले नसतात. त्यांच्या मेंदूची इजाच अधिक असते. रिक हॉइट एक पाऊलही चालला नाही, तरी त्याची शर्यत पुरी झाली. खुर्ची ही पराभवाची खूण नसून जाण्याचे साधन आहे, हे व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगावे.

छायाचित्रासाठी मुलाची संमती घ्यावी. सहभागी व्हायचे की नाही, आणि जमलेला पैसा कोणाला द्यायचा, हेही त्यालाच विचारावे. डिचोलीत ‘केशव सेवा साधन’सारखी संस्था विशेष मुलांची शाळा चालविते. अशा शाळांतील मुलांना आपण व्यासपीठावर बोलावतो ते बहुधा खाऊ, बक्षीस किंवा खुर्ची देण्यासाठी. त्यांनी चालून जमविलेला निधी पेडण्याहून बांबोळीला फेऱ्या मारणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या प्रवासखर्चाला दिला, तर त्या व्यासपीठाचा अर्थच बदलेल. अशा प्रत्येक फेरीत घरातील एका माणसाची दिवसाची मजुरी बुडते आणि पैशाअभावी फिजिओथेरपी थांबते, हे आपण सारे जाणतो.

पालक आपल्याला विचारतात, ‘डॉक्टर, याला चालू देऊ का?’ यापुढे आपले उत्तर ‘हो’ किंवा ‘नको’ एवढ्यावर थांबू नये. किती, कसे, कशाच्या आधाराने आणि कोठे थांबायचे, हे लिहून देणे हे औषधाची मात्रा लिहिण्याइतकेच आपले काम आहे. आणि त्याच्या जोडीला बाह्यरुग्ण विभागात आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या: ‘शाळेत पी.टी.च्या तासाला हा कुठे असतो?’ वर्गात बसून इतरांची दप्तरे राखतो, असे उत्तर आले, तर त्या मुलाच्या शाळेला उद्देशून चार ओळींची चिठ्ठी त्याच वेळी लिहून द्यावी.